ट्रोलिंग मोटरसाठी टिकाऊ बॅटरी: निवड करण्यापूर्वी काय मोजावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: होडी १४ फुटी, तिला १२ व्होल्टची ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे रेट्याची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासेमारीत होडी सावकाश चालवणारी विजेची मोटर, आठवड्यातून दोन-तीन दिवस प्रत्येकी पाचेक तास मासेमारी, आणि दोन वर्षांत दोन बॅटऱ्या निकामी. दोन्ही बॅटऱ्या मोठ्या गाड्यांना बसवतात त्या जातीच्या होत्या. आता पुन्हा खर्च करायचा तर कोणती बॅटरी खरोखर टिकेल, हे आपल्याला हवे आहे. होड्यांच्या वीजजोडणीचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कोणती घ्यावी ते मी पुढे स्पष्ट सांगणार आहे. परंतु आधीच्या दोन कशामुळे गेल्या हे समजून न घेता तिसरी घेतली, तर तिचीही गत तीच होईल.

गाडीच्या बॅटरीचे काम म्हणजे इंजिन सुरू होईपर्यंतच्या चार-दोन सेकंदांत शेकडो अँपिअरचा झटका देणे. त्यासाठी तिच्यात पातळ प्लेटा भरपूर संख्येने बसवतात, कारण पृष्ठभाग जितका जास्त तितका झटका मोठा. त्या झटक्यात तिच्या साठ्यातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग खर्च होतो आणि इंजिन चालू होताच तो भरूनही निघतो. ट्रोलिंग मोटरचे मागणे याच्या अगदी उलट असते. ती तासन्‌तास पंधरा, वीस, कधी चाळीस अँपिअर ओढत राहते आणि बॅटरीला तळापर्यंत नेते. पातळ प्लेटांना हे सोसत नाही. डीप सायकल बॅटरीत प्लेटा संख्येने कमी पण जाड असतात, त्यांवरचा लेप घट्ट बसवलेला असतो आणि वारंवार खोलवर उतरणे गृहीत धरूनच ती बांधलेली असते.

अशी एक निकामी बॅटरी मी आम्ल काढून, धुऊन, कापून पाहिली होती. वरून ती नव्यासारखी होती, एकच उन्हाळा वापरलेली. आत मात्र धन प्लेटांवरचा चॉकलेटी लेप जागोजागी सुटून नुसती जाळी उघडी पडली होती आणि तळाशी बोटभर तपकिरी गाळ साचला होता. तो गाळ म्हणजे तिचा सुटून पडलेला लेपच. एका कप्प्यात गाळ प्लेटांच्या खालच्या कडेला टेकला होता, म्हणजे तो कप्पा आतल्या आत शॉर्ट झाला होता. चार्जरवर रात्रभर ठेवूनही बॅटरी साडेदहा व्होल्टच्या वर का येत नव्हती, याचे उत्तर तिथे डोळ्यांनी दिसत होते.

दुसरे कारण अधिक सावकाश काम करते आणि म्हणूनच लक्षात येत नाही. शिशाची बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केले तर ते विरघळून जाते. बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट उतरलेली ठेवली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग कोणताही चार्जर त्यांना हलवू शकत नाही. यालाच बॅटरीने सल्फेट धरले असे म्हणतात. यातला मोठा घोटाळा व्होल्टच्या समजुतीत आहे. मीटर लावल्यावर १२.० दिसले की पुष्कळ लोक निश्चिंत होतात, कारण बॅटरी बारा व्होल्टची आहे आणि बारा दिसत आहेत. प्रत्यक्षात काही तास विसावलेली पूर्ण चार्ज शिशाची बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते आणि १२.० ला पाऊण रिकामी. आपण परत आल्यावर १२.० पाहून बॅटरी पुढच्या फेरीपर्यंत तशीच ठेवत असाल, तर तिच्या अकाली मृत्यूचे निम्मे कारण तेच समजा.

आता मोजणीकडे येऊ. टिकाऊपणाचा पाया इथेच आहे, कारण शिशाची बॅटरी किती वर्षे जगेल हे दर वेळी ती किती खोल उतरते यावर सर्वाधिक अवलंबून असते. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. पण पूर्ण वेगात कोणी पाच तास मासेमारी करीत नाही. एक क्लॅम्प मीटर मिळवावा, मात्र तो डीसी प्रवाह मोजणारा असावा. त्याचा चिमटा मोटरच्या एकाच वायरभोवती अडकवावा आणि नेहमीच्या वेगात किती अँपिअर दिसतात ते कागदावर लिहावे. अशीच एक मोटर मी मोजली तेव्हा पूर्ण वेगाला ४८, मधल्या वेगाला १५ च्या आसपास आणि पंख्यात पाणगवत गुरफटताच त्याच मधल्या वेगाला २० च्या वर आकडा गेला होता. गवत काढायला दोन मिनिटे लागतात. न काढता रेटत राहिल्यास खर्च होणाऱ्या विजेचा चौथा हिस्सा त्यातच जातो.

आपल्या वर्णनावरून मी असा अंदाज धरतो: पाच तासांपैकी अडीच तास मोटर मधल्या वेगात १५ अँपिअरवर, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास), जाण्या-येण्यात आणि वाऱ्याविरुद्ध मिळून वीस मिनिटे पूर्ण वेग, म्हणजे सुमारे १७. एकूण ५५ अँपिअर-तास झाले. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम पाळायचा, तर किमान ११० अँपिअर-तासांची बॅटरी हवी आणि थोडी जागा ठेवून १२० बरी. आपली मोटर जुन्या पद्धतीची, ठरावीक पाच वेगांची असेल, तर मंद वेगातली बचत आपल्याला वाटते तेवढी होत नाही, कारण तशा मोटरीत उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन वाया जाते. वेग सलग कमी-जास्त करता येणाऱ्या नव्या मोटरी प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करून वेग राखतात आणि मंद गतीत फार कमी खातात. मोटरीचा प्रकार बदलला तर बॅटरीचा आकार बदलू शकतो, म्हणून हे आधी पाहावे.

बॅटरीवर छापलेल्या आकड्यातही एक मेख आहे. शिशाच्या बॅटरीची अँपिअर-तासांची क्षमता बहुधा २० तासांच्या दराने मोजलेली असते. १०० अँपिअर-तास याचा अर्थ ५ अँपिअर प्रवाह २० तास, ५० अँपिअर दोन तास असा नव्हे. प्रवाह वाढला की हाती येणारी एकूण वीज घटते. विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. त्या हिशेबाने साधारण द्रव-आम्लाच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २५ अँपिअरने सत्तरच्या आसपास आणि ५० अँपिअरने साठ-पासष्टच अँपिअर-तास निघतात. म्हणून मी रिझर्व्ह कपॅसिटी या आकड्याकडे अधिक पाहतो. २५ अँपिअरचा प्रवाह देत बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत यायला किती मिनिटे लागतात, ते तो सांगतो आणि २५ अँपिअर हा ट्रोलिंग मोटरच्या कामाच्या जवळचा भार आहे. १६० मिनिटे लिहिले असेल तर त्याला २५ ने गुणून ६० ने भागावे. सुमारे ६७ अँपिअर-तास निघतात, आणि प्रत्यक्षात वापरण्यासाठी त्यांचे निम्मेच आपले. ज्या बॅटरीवर केवळ कोल्ड क्रँकिंगचे, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करण्याच्या झटक्याचे, अँपिअर मोठ्या अक्षरांत छापलेले आहेत आणि अँपिअर-तास कुठेच नाहीत, ती झटका देणारी बॅटरी आहे, तिच्यावर होडीचे चित्र असले तरीही. दुहेरी उपयोगाच्या बॅटऱ्याही मिळतात. इंजिन आणि मोटर दोन्ही एकाच बॅटरीवर चालवणे भागच असेल तरच त्या घ्याव्यात, आणि शक्यतो तशी वेळ येऊ देऊ नये. ट्रोलिंग मोटरने बॅटरी संपवली आणि इंजिनही सुरू होईना, असे पाण्यावर कुणावरही येऊ नये.

आता प्रकार पाहू. द्रव आम्लाची डीप सायकल बॅटरी सर्वांत स्वस्त आणि नीट सांभाळली तर चिवट असते. याच जातीतल्या गोल्फ गाडीच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की १२ व्होल्ट आणि दोनशेच्या वर अँपिअर-तास मिळतात, आणि त्यांच्या जाड प्लेटांना मी शिशातल्या कुठल्याही बॅटरीपेक्षा जास्त मानतो. पण दोघींचे मिळून वजन ५५ किलोंच्या पुढे जाते, उंचीही जास्त, आणि १४ फुटी होडीत एवढा भार एका जागी ठेवणे मला पटत नाही. शिवाय द्रव आम्लाच्या बॅटरीला नियमित पाणी बघावे लागते. चार्ज पूर्ण झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर भरायचे, प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच चार्जिंगआधी त्या बुडतील एवढे. नळाचे पाणी नाही आणि वरून आम्ल तर कधीच नाही. एका गोष्टीत ती इतरांहून सरस आहे: हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातल्या आम्लाची घनता घेता येते. सर्व कप्पे १.२६५ च्या आसपास आणि एकच १.१९० असा दिसला, तर दोष कुठे आहे हे त्याच दिवशी कळते. मात्र होडी कलली की आम्ल सांडण्याचा धोका राहतो, आणि खारे पाणी आत शिरले तर क्लोरीनसारखा विषारी वायू तयार होतो. उघड्या लहान होडीसाठी, विशेषतः समुद्रात, मी ती सुचवीत नाही.

एजीएम बॅटरीत तेच शिसे आणि तेच आम्ल असते, पण आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. ते सांडत नाही, पाणी बघावे लागत नाही, आणि चटई प्लेटांना दाबून धरते म्हणून लाटांच्या आदळआपटीत लेप सुटण्याचे प्रमाण कमी राहते. ठेवल्या जागी ती महिन्याला एक ते तीन टक्केच उतरते. निम्म्यापर्यंत उतरवण्याच्या शिस्तीत चांगली एजीएम चारशे ते सहाशे फेऱ्या देते; एकदा उतरून पुन्हा भरणे म्हणजे एक फेरी. तिचा मोठा शत्रू म्हणजे जास्त व्होल्टेज. आतले पाणी एकदा वायू होऊन उडाले की भरता येत नाही, म्हणून चार्जरवर एजीएमची सोय असलीच पाहिजे. जेल बॅटरी, जिच्यात आम्ल जेलीसारखे घट्ट केलेले असते, याहून नाजूक असते आणि साधारण १४.१ व्होल्टच्या वर तिला नेऊ नये. या कामासाठी ती शोधत बसण्याचे कारण मला दिसत नाही.

लिथियमविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याबद्दल अपेक्षा आणि भीती दोन्ही अवास्तव आहेत. होडीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट याच जातीची बॅटरी घ्यावी. मोबाइल किंवा लॅपटॉपमधल्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ही जात तापून पेट घेण्याच्या बाबतीत बरीच सुरक्षित आहे. ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक, म्हणजे १२.८ व्होल्ट. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे वजन अकरा ते तेरा किलो असते. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी सत्तावीस ते तीस किलो भरते. ऐंशी टक्के वापरली तरी ती कुरकुरत नाही आणि मोठ्या प्रवाहातही तिची क्षमता फारशी आक्रसत नाही, त्यामुळे आपले ५५ अँपिअर-तास तिच्या दृष्टीने हलके काम आहे. शिवाय तिचा दाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, म्हणून पाचव्या तासालाही मोटरचा जोर पहिल्या तासासारखाच लागतो. मोटरला सतत थोडे जास्त व्होल्ट मिळतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. लिथियमवर दीर्घकाळ पूर्ण वेगाने चालवू नका अशी सूचना काही मोटरींच्या पुस्तिकेत असते आणि ती मनापासून पाळावी.

याच सपाटपणामुळे लिथियमची पातळी व्होल्टमीटरवरून कळत नाही. ऐंशी टक्के असो की तीस, आकडा जवळपास सारखाच दिसतो, आणि मग आतील संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, क्षणात पुरवठा तोडते. शिशाची बॅटरी मंदावून पूर्वसूचना देते, ही देत नाही. म्हणून शंटवर (वायरीच्या वाटेत बसवायच्या मोजणीच्या पट्टीवर) चालणारा, आत-बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजणारा मीटर तिच्यासोबत घ्यावाच, आणि वल्ही होडीत असावीतच. बीएमएस सतत किती अँपिअर देऊ शकते तेही विचारून घ्यावे. ५० अँपिअरच्या मोटरला १०० अँपिअरची बीएमएस योग्य. काठोकाठ ५० ची असेल तर पंखा अडकताच ती सुटेल. शून्य अंश सेल्सियसच्या खाली लिथियम चार्ज करू नये, सेल कायमचे खराब होतात. ज्यांची मोटर २४ व्होल्टची आहे त्यांनी दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडण्याची परवानगी उत्पादकाने दिली आहे का ते आधी पाहावे, कारण सर्वच बीएमएस तो दाब सोसणाऱ्या नसतात.

फेऱ्यांच्या आकड्यांवर मात्र भाळू नये. तीन हजार फेऱ्या हे वाचायला मोठे वाटते, परंतु वर्षातून तीसच दिवस पाण्यावर जाणाऱ्याला त्या पुऱ्या करायला शंभर वर्षे लागतील; त्याची बॅटरी वापराने नव्हे, वयाने म्हातारी होईल. अशा माणसाला चांगली एजीएम पुरेशी आहे. आपला वापर वर्षाला शंभर ते दीडशे फेऱ्यांचा आहे. एजीएमच्या पाचशे फेऱ्या आपण चारेक वर्षांत संपवाल, लिथियमच्या मात्र दहा वर्षांतही संपणार नाहीत. आपल्यासाठी माझा कौल म्हणूनच १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला आहे, पण योग्य चार्जर आणि शंट मीटर यांच्यासह. तिघांचा खर्च एकत्र झेपत नसेल, तर १२० अँपिअर-तासांची एजीएम आणि चांगला चार्जर घ्यावा. लिथियम घेऊन तिला जुन्या चार्जरवर लावण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

चार्जरबद्दल इतके आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. शिशाच्या बॅटरीला टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा चार्जर लागतो: आधी पूर्ण प्रवाह, मग १४.४ ते १४.७ व्होल्टवर धरून हळूहळू मुरवणे, आणि शेवटी साडेतेराच्या आसपास राखण. शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या ऐंशीइतकाच वेळ लागू शकतो आणि नेमके तेव्हाच लोक चार्जर काढतात. १२० अँपिअर-तासांच्या एजीएमला १५ अँपिअरचा चार्जर ठीक. परत आल्याच्या संध्याकाळीच लावावा आणि त्याने पूर्ण झाल्याची खूण दाखवेपर्यंत काढू नये. लिथियमला तिच्या स्वतःच्या सेटिंगचा चार्जर हवा. जुन्या सल्फेट काढणाऱ्या किंवा मुद्दाम दाब वाढवणाऱ्या सोयी असलेला चार्जर तिला लावू नये. द्रव आम्लाची बॅटरी असेल तर चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

बॅटरी ठेवण्याच्या जागेचाही आयुष्याशी संबंध आहे. मोटर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, असली की बॅटरीही नाळेत ठेवण्याचा मोह होतो, कारण वायर वाचते. परंतु लाटेवर होडी आदळते तेव्हा सर्वांत मोठा हिसका नाळेलाच बसतो, आणि तो रोज सोसणाऱ्या शिशाच्या बॅटरीचा लेप लवकर सुटतो. ती मध्यभागी किंवा पिछाडीकडे, ट्रेमध्ये पट्ट्याने घट्ट आवळून ठेवावी आणि वायर जाड घ्यावी. जाड म्हणजे किती? बॅटरी मोटरपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे होते; ५० अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात, १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे अर्धा. मोटर मंद चालते म्हणून नवी बॅटरी घेणाऱ्या काही जणांनी खरे तर वायर बदलायला हवी होती. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी, टोकांना दाबून बसवलेले लग (जोडणीच्या धातूच्या कड्या) असावेत, आणि बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर असावा. हाताने आवळायच्या विंग नटांवर एवढा प्रवाह सोपवू नये. ते हाताने पुरेसे आवळले जात नाहीत आणि सैल टर्मिनल तापून वितळलेले मी पाहिले आहेत.

खरेदी करताना एजीएम असेल तर वजन काट्यावर करून पाहावे. शिसे कमी घालून आकडा मोठा छापता येतो, पण वजन लपवता येत नाही. शंभराच्या वर अँपिअर-तास सांगणारी आणि वीस किलोची बॅटरी सरळ नाकारावी. उत्पादनाची तारीख सहा महिन्यांच्या आतली असावी आणि दुकानातच मीटर लावून १२.६ च्या खाली दिसल्यास ती घेऊ नये, कारण तिने फळीवरच सल्फेट धरायला सुरुवात केलेली असू शकते. हमीत किती काळ पूर्ण बदलून देणार आणि किती काळ केवळ टक्केवारीने सूट देणार, हे वेगळे वाचावे. हंगाम संपल्यावर एजीएम पूर्ण चार्ज करून थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियम मात्र निम्म्याच्या थोडी वर ठेवून, वायर काढून ठेवावी. उन्हात तापणाऱ्या बंद खणात दोन्हींपैकी एकही ठेवू नये: २५ अंश सेल्सियसच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे.

लिथियम घेतली तर पहिल्याच आठवड्यात, परत करण्याची मुदत असताना, तिची क्षमता स्वतः तपासावी. पूर्ण चार्ज करून १० अँपिअरचा स्थिर भार लावावा आणि बीएमएसने पुरवठा तोडेपर्यंत शंट मीटरवर किती अँपिअर-तास गेले ते तारखेसह लिहून ठेवावे. १०० च्या बॅटरीतून ९५ च्या खाली निघाले तर बॅटरी परत करावी. हीच चाचणी दर वर्षी हंगामाच्या तोंडावर त्याच भाराने करावी आणि आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी लिहावा. आपला रोजचा खर्च ५५ चा आहे, म्हणून तो आकडा ७० च्या जवळ येईपर्यंत नव्या बॅटरीचा विचार करण्याची गरज नाही.